बाण कुठे घासतोय?

चि. मुक्तास,


तुझी तक्रार वाचली. बाण सुटताना ‘टक्’ आवाज येतो, शेपूट हलत जाते, डाव्या तर्जनीच्या सांध्यावर ओरखडे उठतात. आणि या सगळ्यावर उपाय म्हणून तू वेगळ्या स्पाइनचे, म्हणजे वेगळ्या ताठपणाचे, डझनभर बाण मागवायला निघाली आहेस! जरा दम धर. बाण डावीकडे लागतो की उजवीकडे, हे मी आत्ता विचारणारच नाही. तो धनुष्याला घासत असेल तर निशाणावरच्या भोकांची साक्ष धरायची नाही.

ऑलिम्पिकच्या रिकर्व्हला बाण टेकवायला तारेचा रेस्ट आणि स्प्रिंगचं प्लंजर बटण असतं. बारीकसारीक दोष ते पोटात घालतात. तुझा बाण बसतो तो थेट रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाच्या, शेल्फवर, केसाळ पट्टीच्या तुकड्यावर. तुझ्या मिशिगनमध्येच धनुष्यांचा कारखाना काढणाऱ्या फ्रेड बेअरची अशीच धनुष्यं होती, आणि त्यांवर त्याने उत्तम शिकार केली. तेव्हा साधन कमी पडतंय असं मनात आणू नकोस. या शेल्फवर पिसंच हवीत, प्लास्टिकची व्हेन नको. पीस घासलं तर दबून निघून जातं, व्हेन अडकून बाण उडवते.

आता तपास. औषधाच्या दुकानात पायांवर मारायचा पावडरचा स्प्रे मिळतो, तो आण. पिसांवर, बाणाच्या मागच्या वीतभर भागावर आणि शेल्फवर पातळ थर मार. जाळीसमोर तीन-चार मीटरवर उभी राहून एकच बाण सोड आणि हात न लावता बघ, पावडर कुठे खरवडली आहे. खालच्या पिसाचं पुढचं टोक आणि शेल्फ पुसलं गेलं असेल, तर दोष उभा आहे, म्हणजे नॉकिंग पॉइंटचा (दोरीवर बाण अडकवायच्या जागेचा). रायझरच्या उभ्या भिंतीवर ओरखडा असेल, तर दोष आडवा आहे, म्हणजे स्पाइनचा किंवा तुझ्या बोटांचा. सांध्यावरचे ओरखडे बहुधा पिसाच्या पुढच्या दांडीचे असतात. तिथे गोंदाचा एक थेंब वाळवून गुळगुळीत कर, आणि बोट शेल्फच्या वर येतंय का तेही पाहा.

नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच, तीही तपास. बाण दोरीला लटकला पाहिजे, आणि दोरीवर टिचकी मारताच गळून पडला पाहिजे. त्याहून घट्ट नको. ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, धनुष्यासोबतच्या कागदात दिलं असेल तेवढंच ठेव. नवी दोरी ताणते आणि हे अंतर घटतं. दोरीला पीळ दिलास की वाढतं.

खरी गंमत नॉकिंग पॉइंटची. पिसं नसलेला बाण शेपूट वर करून रुतला की सगळे म्हणतात, नॉक फार वर आहे, खाली घे. पण नॉक फार खाली असला तरी नेमकं हेच दिसतं! बाणाची शेपूट शेल्फवर आपटते, उसळते आणि वरच राहते. तू तीन बोटं बाणाखाली धरतेस, त्यामुळे तुला नॉक नेहमीपेक्षा वरच लागतो. म्हणून शेल्फपासून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपेक्षा पाऊण इंच वर सुरुवात कर आणि दोऱ्याच्या एकेका वेढ्याएवढी खाली ये. पावडर पुसायला लागली की एक वेढा मागे.

त्यानंतरच स्पाइन. बाण सुटताना वाकतो, रायझरला वळसा घालतो आणि शेपूट मोकळी निघते. १९३० च्या दशकात वेगवान छायाचित्रणाने हे दाखवून दिलं. तू उजव्या हाताने दोरी ओढतेस, म्हणून बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर तो ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. फसगत इथेही आहेच: फारच ताठ बाण भिंतीवर आपटून उजवीकडे फेकला जातो आणि मऊ असल्याचं सोंग आणतो. त्याची परीक्षा स्वस्तात होते. १०० ग्रेनचं टोक काढून १५० चं लाव. बाण सरळ निघाला तर तो ताठच होता. मऊ असेल तर टोक हलकं कर, नाहीतर दांडा पाव-पाव इंच काप. कापलेलं परत जोडता येत नाही, तेव्हा कापणं शेवटी.

आणि हे सगळं करताना दोरी सोडणारा हात हनुवटीपासून बाहेर उडत असेल, तर पावडरही खोटं बोलेल. मैत्रिणीला मागून व्हिडिओ काढायला सांग. कार्बनचे बाण दर वेळी हलके वाकवून, चिरा गेल्यात का ते ऐक. चीर दिसली की बाण मोडून टाक, कुणाला देऊ नकोस.

पावडर मारलेल्या पिसांचा आणि शेल्फचा फोटो रविवारपर्यंत पाठव. तोवर नव्या बाणांची ऑर्डर तशीच राहू दे.

तुझी,
आत्या