हेरांचा पगार की साऱ्याची माफी?

देवासच्या घरी गौरी संगणकावर राज्यकारभाराचा खेळ खेळत होती. माळव्यातलं लहानसं संस्थान, दुष्काळाचं साल. खजिन्यात एकाच खर्चापुरता पैसा: भाऊबंदांच्या दरबारात हेर पेरायचे, की शेतसारा माफ करायचा?

“मामा, मी हेरच ठेवते. शिंदे-होळकरांच्या धाडींतून मीनाबाईंनी धारचं राज्य राखलं. कोण कुठून चालून येतंय हे कळल्याशिवाय ते जमलं असतं?”

“नसतं जमलं. पण त्या फौजा खरोखरच दारात होत्या. तू भावाच्या घरात माणूस घालते आहेस. 1728 मध्ये तुकोजी आणि जिवाजी पवार हे भाऊ बाजीरावांबरोबर माळव्यात आले, आणि या एवढ्याशा गावात थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन राज्यं झाली. अशा ठिकाणी हेराला बातमीचा काय तोटा? रिकाम्या हाताने आला तर पगार बंद, म्हणून तो काहीतरी आणणारच. त्याची खातरजमा करायला तू दुसरा हेर नेमशील.”

“आणि खरंच कट शिजत असला तर?”

“असेलही. पण थोरल्या पातीचं काय झालं बघ. 1921 मध्ये कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर इथे तिसऱ्या तुकोजीरावांचे खासगी सचिव होते. नवा राजवाडा अर्धवट, आणि नवेकोरे पियानो कोरड्या हवेने तडकून निकामी झालेले. पुढे महाराज कर्जात बुडाले, राज्य सोडून पाँडिचेरीला गेले आणि 1937 मध्ये तिकडेच वारले. राज्य असं आतून पोखरतंय, ही बातमी भावाकडे पेरलेला हेर कशी आणणार?”

“ती हिशेबनिसाने द्यायची.”

“त्याचाही पगार राजाच देतो.”

“मग दोघंही राजाला रुचेल तेच सांगणार.”

“रान मात्र रुचेल ते सांगत नाही. सारा झेपेना की कुळं रातोरात गाव सोडतात, शेतं पडीक पडतात. ते वहीत झाकता येतं, शिवारात नाही. राजाने स्वतः जाऊन बघावं.”

गौरीने माफीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. “पुढच्या साली भाऊ शिंद्यांना मिळाला तर?”

“राज्य जाईल. गावं वसलेली राहतील.”

“तो आल्यावर सारा दुप्पट करणार नाही कशावरून? म्हणजे रयतेसाठीच मला त्याच्या घरातली बातमी हवी.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. “याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी मी माफीच देईन. त्याचा सारा उद्याचा आहे, उपास आजचा.”