धोक्याचा धनी कोण?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या राहत्या घरांत जीवशास्त्राची लहानशी प्रयोगशाळा थाटली आहे. ती पाहावयास आम्ही गेलों असतां फडताळांत सरबताच्या एका बाटलींत पाण्यासारखें कांहीं भरून ठेविलेलें दिसलें. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. तें फॉर्मॅलिन होतें. आम्ही हरकत घेतांच तो हसून म्हणाला, "सर, धोका आहे तो माझा. आपण उगाच काळजी करतां."

हें उत्तर आम्हांस चांगलेंच झोंबलें. कारण तें त्यास आम्हीच शिकविलें होतें. मिल्लचा 'लिबर्टी' हा १८५९ सालचा ग्रंथ वर्गांत लावून देतांना, दुसऱ्यास अपाय होत नाहीं तोंवर प्रौढ मनुष्यानें जिवावर उदार व्हावें कीं न व्हावें हा ज्याचा त्याचा प्रश्न, असें आम्ही मोठ्या आवेशानें प्रतिपादीत असूं.

हौशी संशोधकाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. सूक्ष्म जीवांची सृष्टि प्रथम पाहणारा डेल्फ्टचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. पण फॉर्मॅलिन म्हणजे भिंगाखालचा पाण्याचा थेंब नव्हे. फ्रँकफुर्टचा डॉक्टर फर्डिनांड ब्लूम १८९३ सालीं तें जंतुनाशक म्हणून पारखीत असतां त्याच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि त्यावरूनच प्राण्यांचे अवयव टिकविण्याची युक्ति निघाली. हें द्रव्य प्रथिनांना एकमेकांशीं जखडून टाकतें. बेडूक मेलेला आहे आणि बोट जिवंत आहे, हा विवेक त्यास नाहीं. त्यांतून निघणाऱ्या वायूची गणना कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेनें २००४ सालीं मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. ब्लूमला हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. आमच्या विद्यार्थ्यास ती सबब उरलेली नाहीं.

आतां हा धोका त्याच्या एकट्याचा कसा? वाफ उंबऱ्यापाशीं थबकत नाहीं. पलीकडच्या खोलींत त्याची आई निजते. सुटींत लहान भाचा येतो, आणि सरबताची बाटली म्हणजे सरबत एवढेंच त्याचें शास्त्र. उरलेलें द्रव्य मोरींत ओतलें कीं तें आपल्या दृष्टीआड होतें खरें. पण २०१३ च्या कायद्यानें मनाई करूनही जीं माणसें गटारांत उतरतच आहेत, त्यांच्या दृष्टीआड तें होत नाहीं. यांपैकीं कोणाची संमति घेतली होती? कोणी हरकत घेतली नाहीं, असें तो म्हणेल. ज्यास धोकाच ठाऊक नाहीं त्याच्या मौनास संमति म्हणणें हा शब्दच्छल आहे.

युरोप-अमेरिकेंतील हौशी जीवशास्त्रज्ञांनीं २०११ सालीं आपण होऊन आचारसंहिता रचिली, व तींत सुरक्षिततेस स्थान दिलें. कोणी सक्ती केली नव्हती. आम्ही तर आणखी एक पायरी मागें जाऊं. हें द्रव्य जपून कसें वापरावें, याच्याही आधीं तें हवेंच कशाला, हें विचारावें. कांद्याचा पापुद्रा पाहण्यास पाणी आणि आयोडीन पुरतें. कीटक स्पिरिटांतही टिकतो. अर्थात् स्पिरिटास आगीचें भय आहेच.

इतका वाद होईतों त्याची आई चहा घेऊन आली. आम्ही बाटलीकडे बोट दाखवून, "यांत काय आहे हो?" म्हणून विचारलें.

"असेल त्याच्या झाडांचें औषध," त्या म्हणाल्या.

विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. उठून तो टेबलाच्या खणांत चिठ्ठीसाठीं कागद शोधूं लागला.