देव मालक, मग कारभारी कोण?

कोलकात्याच्या एका मल्लिक घराण्यात कुलदेवतेची सेवा पाळीपाळीने चाले. ज्याची पाळी असेल त्याने पूजा-नैवेद्य सांभाळायचा. पुढे एका वारसाने हक्क सांगितला, की आपल्या पाळीच्या दिवसांत मूर्ती ठाकूरबाडीतून, म्हणजे घराण्याच्या देवालयातून, हलवून आपण स्वतःच्या घरी नेणार. इतरांनी हरकत घेतली. भाऊबंदकी कोर्टात गेली आणि चढत चढत थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचली. 1925 साली तिथल्या न्यायमूर्तींनी निकाल दिला, की मूर्ती हा वाटणीत उचलून न्यायचा जंगम माल नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती आहे. तिने कुठे राहायचं हे ठरवताना तिची इच्छाही विचारात घ्यायला हवी, आणि ती इच्छा कोर्टापुढे मांडायला घरातल्या कुठल्याच पक्षाशी हितसंबंध नसलेला वादमित्र नेमायला हवा.

सातासमुद्रापलीकडच्या, हिंदू धर्माशी दुरूनच ओळख असलेल्या न्यायाधीशांनी बंगाली देवाची मर्जी विचारावी, यात थोडी गंमत आहे. त्याहून मोठी गंमत अशी, की आपल्याकडच्या कट्टर वैदिकांना हा निकाल मुळीच पटला नसता.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबराने देवाच्या मालकीचा प्रश्न कित्येक शतकांपूर्वीच निकालात काढला होता. त्याचं म्हणणं सरळ आहे. देवतेला शरीर नाही, ती हविर्भाग खात नाही, आणि एखाद्या गावाचा किंवा शेताचा आपल्या इच्छेने विनियोगही करत नाही. जो इच्छेप्रमाणे वापरू शकतो तो मालक. तेव्हा ‘देवाचं गाव’, ‘देवाचं शेत’ हे सगळं बोलण्यापुरतं. मनुस्मृतीवर टीका लिहिणारा मेधातिथीही याच वाटेने गेला. हे लोक नास्तिक नव्हते. यज्ञातली एक समिधा इकडची तिकडे झालेली न खपवणारे होते. तरीही देवाच्या नावावर सातबारा चढवायला ते तयार झाले नसते.

मग देवाला दिलेलं जातं कुठे? मुंबई हायकोर्टात वकिली करत धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या भारतरत्न पां. वा. काणे यांनी जुन्या ग्रंथांतला दान आणि उत्सर्ग यांतला फरक सविस्तर मांडला आहे. दानाला घेणारा लागतो. त्याने स्वीकारलं नाही तर दान पुरं होत नाही. उत्सर्गात मात्र देणारा आपला हक्क सोडतो आणि वस्तू सर्वांसाठी मोकळी होते. तळं बांधून त्याचा उत्सर्ग केला की गावातला कुणीही तिथे पाणी भरू शकतो. बांधणारासुद्धा भरू शकतो, पण गावातला एक म्हणून, मालक म्हणून नाही. देऊळ आणि त्याची जमीन याच प्रकारात मोडते. देवाने स्वीकारलं का, हा प्रश्नच उरत नाही. देणाऱ्याने सोडलं का, एवढंच पाहायचं.

विश्वस्त व्यवस्थेचा कायदा नेमका इथे येऊन भिडतो. 1882 चा भारतीय न्यास कायदा वाचला तर त्याचा गाभा चार-दोन कलमांत सापडतो. हेतू स्पष्ट हवा, मालमत्ता कोणती ते नेमकं सांगितलेलं हवं, लाभार्थी ओळखता यायला हवा. विश्वस्ताने ती मालमत्ता एखादा शहाणा माणूस स्वतःची सांभाळेल तशी सांभाळायची, हिशोब चोख ठेवायचा. तिच्यातून स्वतःचा फायदा काढायचा नाही. विक्री त्याच्याकडे सोपवली असेल तर आपणच खरेदीदार व्हायचं नाही. तसं ठरलेलं नसेल तर मेहनताना मागायचा नाही. आणि एकदा पद स्वीकारलं की कंटाळा आला म्हणून ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळंही व्हायचं नाही. पण हा कायदा खासगी न्यासांपुरता आहे. सार्वजनिक आणि धार्मिक दानं त्याने पहिल्याच कलमात बाहेर ठेवली.

बाहेर ठेवण्याचं कारण 1921 साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये न्या. सय्यद अमीर अली यांनी एका मठाच्या खटल्यात उलगडून दाखवलं. इंग्रजी ट्रस्टमध्ये कायदेशीर मालकी विश्वस्ताकडे जाते आणि लाभ दुसऱ्याकडे. महंत किंवा पुजारी तसा विश्वस्त नसतो, कारण मालकी त्याच्याकडे येतच नाही. ती देवाकडे किंवा मठाकडे असते, तो फक्त कारभार पाहतो. मुस्लिम धर्मादायाचा, म्हणजे वक्फचा, कारभार पाहणारा मुतवल्लीही तसाच, कारण वक्फची मालमत्ता परमेश्वराची झालेली असते. थोडक्यात, इंग्रजी पद्धतीत मालक माणूस असतो आणि कायदा त्याला बांधून टाकतो. आपल्याकडे मालकी माणसाच्या हाती येऊच दिली जात नाही. जबाबदारी मात्र दोन्हीकडे सारखीच, आणि पैसे खाल्ले तर जाबही सारखाच.

या तत्त्वाची कसोटी त्याआधीच मुंबई हायकोर्टात लागली होती, आणि तिच्यात मराठी धागा आहे. गुजरातमधल्या डाकोरचं रणछोडरायाचं आजचं देऊळ पेशव्यांचे सावकार गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनी 1772 मध्ये बांधलं. शंभरेक वर्षांनी तिथल्या सेवकांशी कज्जा सुरू झाला. 1887 च्या त्या निकालावर मनोहर गणेश तांबेकर हे वादीचं नाव आहे. सेवकांचं म्हणणं होतं, की मूर्तीसमोर येणारा पैसाअडका, दागदागिने सगळं आमचं. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, आम्ही कुणाला हिशोब देणं लागत नाही. हायकोर्टाने ते मानलं नाही. भाविक देवापुढे नाणं टाकतो ते सेवकाच्या संसारासाठी टाकत नाही. सेवकाने आपल्या सेवेचा मोबदला जरूर घ्यावा, पण देवाच्या नावाने आलेलं घ्यायचं आणि त्या नावाबरोबर येणारी जबाबदारी नाकारायची, हे चालणार नाही. अशा धर्मस्थापनेला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व आहे आणि तिचं उत्पन्न हाताळणारा तिला उत्तर द्यायला बांधील आहे.

‘देव मालक आहे’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ डाकोरमध्ये असा उघड झाला. ते वाक्य देवाविषयी जेवढं सांगतं, त्याहून जास्त सेवकाविषयी सांगतं. मालकी अशा ठिकाणी नेऊन ठेवायची, जिथे कुणाचाच हात पोचणार नाही. एकदा मात्र पोचला, तो इन्कम टॅक्सवाल्यांचा. देवता ही करपात्र ‘व्यक्ती’ ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली सांगितलं.

शबर आणि कोर्ट यांच्यातली तेढ सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये एका खटल्यात बरीचशी सोडवली. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात एका निपुत्रिक गृहस्थाने राधाकृष्णाचं मंदिर बांधून जमीन लावून दिली होती. ते खासगी की सार्वजनिक, हा वाद होता. न्या. वेंकटराम अय्यर यांनी जुने संस्कृत आधार पुढे घेतले आणि म्हटलं, की देवाला मालक म्हणायचं ते गौण अर्थाने. खरे लाभार्थी पूजेला येणारे भक्त. म्हणजे लाभार्थी कोण ते ठरवायचं तर मूर्तीकडे पाहून उपयोग नाही, रांगेकडे पाहायचं. अयोध्येच्या 2019 च्या निकालात हाच विचार आणखी पुढे गेला. कायदा व्यक्तित्व देतो ते परमेश्वराला नाही, दात्याच्या धर्मसंकल्पाला. मूर्ती हे त्या संकल्पाचं रूप. त्या निकालाने रामलल्लाला कायदेशीर व्यक्ती मानलं, पण जन्मस्थानाच्या जमिनीला तसं व्यक्तित्व द्यायला नकार दिला. जमीनच देव ठरली तर तिच्यावरचे इतरांचे हक्क वाद घालण्याआधीच पुसले जातात, ही त्यामागची चिंता होती.

चिंता रास्त आहे. देव बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणारा लागतो, आणि सगळी गोम तिथेच असते. पंढरपुरात बडवे आणि उत्पात वंशपरंपरेने विठ्ठल-रुक्मिणीच्या सेवेचे आणि त्यातल्या उत्पन्नाचे हक्क सांगत आले. 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने ते हक्क संपवले. खटला मात्र दशकानुदशकं चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या जानेवारीत त्यावर शेवटचा शिक्का मारला. आता कारभार सरकारने नेमलेल्या समितीकडे आहे. वंशाच्या जागी नेमणूक आली. नेमलेल्याला जाब विचारता येतो, काढताही येतं. ही सुधारणा खरी आहे, पण नेमणारा राजकारणात असला की विश्वस्तपदाकडे मंडळ-महामंडळाच्या खुर्चीसारखं पाहिलं जाऊ लागतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे.

सरकारी हाताला मर्यादा किती, हे 1954 मध्ये ठरलं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा. त्याने नोंदणी, हिशोब तपासणी आणि धर्मादाय आयुक्ताचं पद आणलं. त्याविरुद्ध एक जैन विश्वस्त आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लिहिणारे न्या. बी. के. मुखर्जी हिंदू धर्मादाय कायद्याचे मोठे अभ्यासक होते, त्यावरची त्यांची व्याख्यानं आजही वकिलांच्या टेबलावर असतात. त्यांनी नोंदणी, हिशोब आणि त्यासाठी द्यायची वर्गणी वैध ठरवली. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. वह्या तपासायला अधिकारी यावा, गादीवर बसायला नाही.

मालकी न मानता सांभाळण्याच्या या विश्वस्तवृत्तीकडे गांधी वकिलीच्या पुस्तकांतून आले. गीतेतला अपरिग्रह व्यवहारात कसा आणायचा हे कोडं स्नेलच्या इक्विटीवरच्या पुस्तकातला ‘ट्रस्टी’ वाचून सुटलं, असं आत्मकथेत ते सांगतात. मुंबईत उतरवलेली दहा हजारांची विमा पॉलिसीही त्यांनी मग सोडून दिली. देवस्थानच्या विश्वस्ताकडून कुणी एवढी अपेक्षा ठेवत नाही. 1950 च्या कायद्याचं मागणं त्यामानाने अगदी माफक आहे. मंदिराची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून द्यायची किंवा शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्या. विश्वस्त बदलले तर बदल अर्ज द्या. इतकंही न करणाऱ्या संस्था काही कमी नाहीत.

मल्लिकांच्या देवाला वादमित्र मिळाला, तो कोर्टाने शोधून द्यायचा होता. महाराष्ट्राच्या या कायद्याने त्याच कामासाठी दुसरंही दार ठेवलं आहे. मंदिराच्या बाबतीत ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ कोण, याच्या व्याख्येत तिथे पूजेला नेहमी जाणारा भाविकही येतो. अशा दोघांना किंवा अधिकांना धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन दावा लावता येतो. विश्वस्ताला काढा, हिशोब घ्या, हडपलेली मालमत्ता परत आणा, अशी मागणी त्यात करता येते. दानपेटीत किती टाकलं याची पावती लागत नाही. दर्शनाला येण्याची वहिवाट पुरते.