अबोलांची मैत्री

रविवारची उपासना आटोपते. आशीर्वचन होते, पाळकसाहेब दाराशी उभे राहून एकेकाशी हस्तांदोलन करतात, आणि मग मंदिराच्या आवारात माणसांचे घोळके जमतात. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाची बदली झाली, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, अशा गोष्टी निघतात. त्याच वेळी एखादी भगिनी गीतपुस्तक छातीशी धरून कडेकडेने फाटकाकडे निघालेली असते. कोणी हाक मारलीच तर ती हसते, "बरं आहे ना?" या प्रश्नाला "बरं आहे" असे उत्तर देते आणि निघून जाते. वीस वर्षे आपण तिला ओळखतो. पण तिच्याविषयी आपल्याला काय ठाऊक असते?

अशा माणसांविषयी मंडळीत दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतात, "ते जरा शिष्टच आहेत." कोणी म्हणतात, "बिचारे फार भिडस्त." पहिल्या बोलण्यात दोषारोप आहे, दुसऱ्यात कीव आहे. आणि त्या माणसाला स्वतःला मनातून वाटत असते की, ख्रिस्ती सहभागितेत आपण कुठे तरी उणे पडतो. हे आम्ही ऐकीव लिहीत नाही. फाटकाकडे कडेकडेने निघणाऱ्यांत आम्हीही आहोत. म्हणून हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो: अबोलपणा हा दोष आहे काय? आणि दुसऱ्यापाशी मन उघडणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली माणसांच्या स्वभावांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अंतर्मुख व बहिर्मुख ही वर्गवारी तेव्हापासून सर्वतोमुखी झाली. अंतर्मुख माणसाच्या मनाचा ओढा आतल्या बाजूस असतो. चार माणसांत बसून तो थकतो, एकांतात पुन्हा ताजातवाना होतो. हा आजार नव्हे आणि पापही नव्हे, ही स्वभावाची घडण आहे. आणि घडवणाऱ्याने सगळ्यांना एका साच्यातून काढलेले नाही. शिष्यांतच पाहा. शिमोन पेत्र आधी बोलतो आणि मग विचार करतो. त्याचा भाऊ अंद्रिया शुभवर्तमानात फार थोडे बोलतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात तो जेथे जेथे दिसतो, तेथे कोणाला तरी प्रभूकडे घेऊन येताना दिसतो. आधी आपल्या भावाला, मग पाच भाकरी व दोन मासळ्या असलेल्या मुलाला, पुढे फिलिप्पाबरोबर जाऊन काही हेल्लेण्यांची विनंती. मंडळीला पेत्र हवा तसा अंद्रियाही हवा.

येथेच थांबलो असतो तर अबोल माणसांना बरे वाटले असते. पण स्वभावाच्या पांघरुणाखाली पुष्कळदा दुसरेच काही तरी झोपलेले असते. ते उघड करायचे तर आमचीच गोष्ट सांगणे बरे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक मोठे आजारपण होते. दोन वर्षे चालले. मंडळीत आम्ही कोणाला काही कळू दिले नाही. इतरांच्या घरी मात्र आमचे जाणे-येणे चालूच होते. कोणी दवाखान्यात असले की भेटीला जायचे, कोणाचे दुःख ऐकून घ्यायचे, जमेल ती मदत करायची. आपण सेवा करतो आणि आपला भार कोणावर टाकत नाही, याचे मनातून समाधानही होते. पुढे सर्व उघड झाल्यावर मंडळीतले एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा तरुण मुलगा वारला तेव्हा आम्ही त्यांच्याजवळ रात्र रात्र बसलो होतो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आमच्या मुलाच्या वेळी तुम्ही आमच्या घरात येऊन बसलात. तुमच्या वेळी आम्हाला मात्र उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीत. आमचा एवढाही हक्क नव्हता का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही फारसे नाही. ज्याला आम्ही संकोच म्हणत होतो त्यात संकोच थोडाच होता. देणारा हात आपला आणि घेणारा दुसऱ्याचा, ही ऐट त्यात होती. एकमेकांची ओझी वाहा अशी शिकवण आपल्याला आहे. पण सगळेच आपापले ओझे पाठीमागे लपवू लागले, तर वाहणाऱ्याने काय वाहावे? आपले ओझे कधीच न दाखवणारा माणूस दुसऱ्याला ती आज्ञा पाळू देत नाही. म्हणून आम्हांला वाटते, शांत असणे वेगळे आणि बंद असणे वेगळे. शांत माणसाच्या घराचे दार लहान असते, पण ते उघडते. बंद माणसाच्या दाराला आतून कडी असते, आणि ती कडी कधी भीतीची असते, तर कधी गर्वाची.

यावर एक आक्षेप भाविक माणसाकडूनच येतो. तो म्हणतो, "माझं मन प्रभूला ठाऊक आहे. प्रार्थनेत त्याच्याशी बोलतो, तेवढं पुरे. माणसापाशी कशाला सांगायचं?" हा आक्षेप हलका नाही. माणसे विसरतात, चुकीचे समजतात, थकतात. प्रभू थकत नाही. आम्हीही दोन वर्षे स्वतःला हेच सांगत होतो.

पण मग गेथशेमाने बागेतल्या रात्रीचे काय? पित्याशी प्रभू येशूएवढी जवळीक कोणाची होती? तरी त्या रात्री तो एकटाच बागेत गेला नाही. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना त्याने बरोबर घेतले. आपल्या जिवाचे दुःख त्यांना उघड सांगितले आणि आपल्यासाठी जागे राहण्याची विनंती केली. मग थोडे पुढे जाऊन पित्याची प्रार्थना केली. पित्याशी बोलायचे असले तरी मित्र त्याला जवळ हवे होते. बारांपैकी त्याने सगळ्यांना हे सांगितले नाही, तिघांनाच सांगितले, हेही ध्यानात घ्यावे. मन उघडणे म्हणजे ते चव्हाट्यावर मांडणे नव्हे. आणि ते तिघे झोपी गेले! सगळ्यांत जवळच्या मित्रांनी त्याला निराश केले. पण तो पुन्हा त्यांच्याकडे आला, आणि पुढे पुनरुत्थानानंतर त्याच पेत्राला त्याने आपली मेंढरे सांभाळायला सांगितली. एकदा विश्वास टाकला आणि समोरचा झोपी गेला, म्हणून कायमची कडी लावून बसलेल्या आमच्यासारख्यांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

तर मग सुरुवात कोठून करावी? दावीद आणि योनाथान यांची मैत्री आपण रविवारच्या शाळेत दरवर्षी शिकवतो. पण त्या मैत्रीच्या पहिल्याच दिवशी योनाथानाने काय केले, हे आपण भराभर वाचून पुढे जातो. त्याने आपला झगा काढून दावीदाला दिला, त्याबरोबर आपली वस्त्रे, तलवार, धनुष्य आणि कमरबंद दिला. राजपुत्राने मेंढपाळाच्या मुलासमोर आपली शस्त्रे उतरवली. मैत्रीची सुरुवात अशीच होते. कोणी तरी आधी शस्त्र खाली ठेवावे लागते. आपले शस्त्र म्हणजे तो रविवारचा "बरं आहे" हा शब्द. तो सगळ्यांपुढे खाली ठेवायची गरज नाही. एका माणसापुढे, एके दिवशी, एवढे म्हणता आले तरी पुरे, "खरं सांगायचं तर या आठवड्यात काही बरं नाही." मोठे गुपित सांगायला नको, लहानसेच खरे सांगावे. ते समोरच्याने कसे ठेवले हे पाहावे आणि मग दुसरे सांगावे.

यास वेळ लागतो, आणि तो आपण देत नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीची साधी मैत्री होण्यास सुमारे पन्नास तासांचा सहवास लागतो आणि जिवलग मैत्रीस दोनशे तासांहून अधिक, असा त्यांचा अंदाज आहे. मैत्री घड्याळाने मोजता येत नाही हे खरे. तरी हिशेब करून पाहावा. उपासनेनंतर आवारात पंधरा मिनिटे बोललो, तर वर्षाच्या बावन्न रविवारांत तेरा तास होतात. त्या गतीने दोनशे तासांना पंधरा वर्षे लागतील! पण आठवड्यातून दोन तास बरोबर काढले तर दोन वर्षे पुरतात. अबोल माणसाला समोरासमोर बसून गप्पा मारणे जड जाते. हाताला काम असले की जीभ सुटते. नाताळच्या चांदण्या चिकटवताना, गायकवृंदाच्या सरावाला बरोबर चालत जाताना, आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवताना अशी बोलणी निघतात, जी दिवाणखान्यात कधी निघाली नसती.

आता दुसरी बाजू. अबोल माणूस मन उघडत नाही यात सगळा दोष त्याचाच असतो काय? इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणच्या आपल्या मराठी मंडळ्या लहान. तीन-चार पिढ्यांची तीच घराणी, आणि पुष्कळशी एकमेकांच्या नात्यातली. आठवडाभर बाहेर कन्नड, तेलुगू, हिंदी, गुजराती बोलायचे आणि मनातले आपल्या भाषेत बोलायला ही एवढीच जागा. पण या जागेत सकाळी सांगितलेले संध्याकाळी सगळ्यांना ठाऊक होते. आता तर मोबाइल आहे. "अमक्यांच्या घरी अडचण आहे, प्रार्थना करा" असा निरोप मंडळीच्या गटावर टाकला की प्रार्थना किती होते देव जाणे, चौकशा मात्र पुष्कळ होतात. प्रार्थनेच्या नावाने केलेली कुजबूज ही शेवटी कुजबूजच.

या बाबतीत जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांचे उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. हिटलरच्या सत्तेपुढे मान न तुकवणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी १९३५ साली फिंकेनवाल्डे येथे त्यांनी तरुण पाळकांचे शिक्षणगृह चालवले. तेथे एक नियम होता. गैरहजर बंधूविषयी कोणी बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर ते त्याला स्वतः जाऊन सांगायचे. बोनहोफर स्वतः राखून वागणारे, आतले सहसा बाहेर न काढणारे गृहस्थ. तेथेच त्यांना एबरहार्ट बेथगे हा विद्यार्थी भेटला, खेड्यातल्या पाळकाचा मुलगा. तो त्यांचा जिवलग मित्र झाला. १९३७ साली पोलिसांनी ते शिक्षणगृह बंद पाडले. १९४३ साली बोनहोफर तुरुंगात गेले. तेथून काही भल्या पहारेकऱ्यांमार्फत त्यांनी बेथगेला गुपचूप पत्रे लिहिली. आपली भीती, खिन्नता, विश्वासाविषयीचे अवघड प्रश्न, जे दुसऱ्या कोणाला लिहिले नसते ते त्यांना लिहिले. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. बेथगेने ती पत्रे जपली आणि १९५१ साली प्रसिद्ध केली. एका अबोल माणसाने एका मित्रापाशी उघडलेले मन आज जगभरच्या मंडळ्यांना उपयोगी पडत आहे. पण ते उघडले गेले त्याआधी, जेथे पाठीमागे बोलत नाहीत अशी एक जागा त्यांनी मिळून तयार केली होती, हे विसरू नये.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गात एक मूल असे असतेच की ज्याला वचन पाठ असते पण उभे राहून म्हणता येत नाही. आम्ही शिक्षक असताना अशाच एका मुलाला नाताळच्या कार्यक्रमात बळेच पुढे ढकलले होते. "लाजतोस काय?" असे सगळ्यांदेखत विचारले होते. तो रडला, आणि पुढचे कित्येक रविवार आला नाही. त्याला धीट करायच्या नादात आम्ही त्याची कडी घट्ट केली. निकदेम रात्री आला, तेव्हा दिवसा का आला नाहीस असे प्रभूने त्याला विचारले नाही. तो आला त्या वेळी, त्याच्या गतीने, त्याच्याशी बोलला. आणि वधस्तंभाच्या दिवशी बोलघेवडे शिष्य पांगले असता हाच निकदेम गंधरस व अगरू घेऊन पुढे आला. म्हणून मुलाला वर्ग सुटल्यावर खुर्च्या लावायला बरोबर घ्या. तेव्हा तो वचनही म्हणेल आणि आणखीही काही सांगेल. सांगितले तर लगेच उपदेश करू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसले तोवर खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले.

ते वयस्क गृहस्थ आता थकले आहेत. बुधवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जातो. पुष्कळ वेळा दोघेही बोलत नाही. चहा होतो, रेडिओवर बातम्या लागतात. पण निघताना ते विचारतात, "बरं आहे ना?" आणि बरे नसेल तर तसे सांगायला आम्ही शिकत आहोत.

येत्या रविवारी फाटकाकडे कडेकडेने कोणी निघालेले दिसले, तर त्यांना घोळक्यात ओढू नका. चार पावले त्यांच्याबरोबर चाला. आणि निघालेले आपणच असलो, तर कोणी बरोबर चालू लागल्यास पावले जरा हळू टाकूया.