जॉर्ज सँडच्या कादंबऱ्यांतील विवाहविचार

विवाहात स्त्रीचे स्थान काय असावे, हा प्रश्न जॉर्ज सँड या फ्रेंच लेखिकेच्या कादंबऱ्यांत पहिल्यापासून आहे. त्याचे उत्तर मात्र कोणत्याही एका कादंबरीत सापडत नाही. १८३२ पासून पुढची सुमारे वीस वर्षे ते घडत आणि बदलत राहिले. त्यामुळे या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाचल्या, तरच हा विचार पूर्ण दिसतो.

लेखिकेचे मूळ नाव ऑरोर द्युपँ. तिचा जन्म १८०४ साली पॅरिसमध्ये झाला आणि त्याच वर्षी नेपोलियनची नागरी संहिता अमलात आली. या संहितेने पतीची आज्ञा पाळणे हे पत्नीचे कायदेशीर कर्तव्य ठरवले. पतीच्या संमतीवाचून तिला मालमत्तेचे व्यवहार करता येत नव्हते आणि न्यायालयात दावाही लावता येत नव्हता. राज्यक्रांतीच्या काळात मिळालेला घटस्फोटाचा हक्क १८१६ मध्ये काढून घेण्यात आला. ऑरोरचा विवाह १८२२ मध्ये काझिमीर द्युदव्हाँ याच्याशी झाला. तिला आजीकडून मिळालेली नोआँची जहागीर पतीच्या कारभाराखाली गेली. १८३१ मध्ये ती पॅरिसला येऊन लेखनावर जगू लागली आणि पुढच्याच वर्षी पुरुषी टोपणनावाने ‘इंदियाना’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

‘इंदियाना’ची नायिका बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर वाढलेली आहे. पती कर्नल देल्मार वयाने बराच मोठा आणि तापट. कायद्याने तो आपला धनी असला तरी आपल्या इच्छेवर त्याची सत्ता चालणार नाही, असे ती त्याला तोंडावर सांगते. प्रियकर रेमों गोड बोलतो, पण वेळ आली की प्रतिष्ठा सांभाळतो. शेवटी इंदियाना आणि तिचा नात्यातील भाऊ राल्फ समाजापासून दूर, बेटावरच्या एका झोपडीत राहतात आणि जवळच्या पैशातून म्हाताऱ्या गुलामांना मुक्त करतात. त्याच वर्षीच्या ‘व्हॅलेंतीन’मध्ये वर्गभेद ओलांडणाऱ्या प्रेमाचा शेवट मृत्यूत होतो. ‘झाक’ (१८३४) या कादंबरीतील पतीला पत्नीचे मन दुसऱ्यात गुंतल्याचे कळते. घटस्फोटाची वाट बंद असल्याने तिला मोकळे करण्यासाठी तो स्वतःचा जीव देतो. या पहिल्या टप्प्यात स्त्रीपुढे समाज सोडणे किंवा कोणाचा तरी मृत्यू एवढेच मार्ग उरतात. पात्रे दुबळी असल्याने असे घडत नाही, तर कायद्याने तिसरी वाटच ठेवलेली नाही, हा या कथानकांचा रोख आहे.

१८३६ मध्ये सँडला न्यायालयातून पतीपासून विभक्तता मिळाली आणि नोआँ पुन्हा तिच्या ताब्यात आले. याच सुमारास लिहिलेली ‘मोप्रा’ (१८३७) मात्र विवाहाच्या बाजूने बोलते. विभक्ततेचा दावा नुकताच लढवल्यानंतर विवाहाच्या उदात्त रूपाचा विचार मनात आल्याचे सँडने नंतरच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. लुटारू सरंजामदारांच्या घरात वाढलेला बेर्नार एद्मेच्या प्रेमात पडतो. ती त्याला नाकारत नाही, पण तो सुसंस्कृत होईपर्यंत लग्नही करत नाही. त्यासाठी तो शिकतो, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढतो आणि परततो. लग्नाआधी तयार व्हायचे ते पुरुषाने, ही या कादंबरीची नवी मांडणी आहे. येथून सँडचा रोख विवाह मोडण्याकडून समानांचा विवाह शक्य करण्याकडे वळतो.

तिसऱ्या टप्प्यावर समाजवादी विचारवंत पिएर लरू याचा प्रभाव आहे. त्याच्यासोबत सँडने १८४१ मध्ये एक स्वतंत्र नियतकालिक सुरू केले आणि त्यातच ‘कॉन्सुएलो’ क्रमशः छापली गेली. या कादंबरीची नायिका अठराव्या शतकातील गायिका असून तिच्या चित्रणामागे पोलीन व्हियार्दो ही प्रसिद्ध गायिका होती. कॉन्सुएलोची ओळख तिच्या कलेतून आहे, कोणाची पत्नी म्हणून नाही. विवाहाचा प्रश्न तिच्यापुढे येतो तो तिच्या गाण्याच्या अनुषंगाने. ‘आंजिबोचा गिरणीवाला’ (१८४५) मध्ये धनवान विधवा मार्सेल आणि कामगार आँरी यांच्यामध्ये मार्सेलची संपत्ती आड येते. पत्नीची पराधीनता आणि गरिबाची पराधीनता या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, हे सूत्र येथे पक्के होते.

‘सैतानाचे तळे’ (१८४६) आणि ‘छोटी फादेत’ (१८४९) या बेरी प्रांतातील ग्रामीण कथा याच सूत्रातून आल्या. फादेत ही गावाने हिणवलेली गरीब मुलगी आहे. ती आपल्या बुद्धीने आणि वनौषधींच्या ज्ञानाने मान मिळवते. मात्र पूर्वीचा संघर्ष येथे सौम्य झाला आहे. जून १८४८ मध्ये पॅरिसमधील कामगारांचा उठाव चिरडताना झालेल्या रक्तपातानंतर सँडने वाचकाला दिलासा देणारे लेखन जाणीवपूर्वक निवडले होते.

‘इंदियाना’च्या तीन प्रस्तावनांतही हा प्रवास दिसतो. १८३२ मध्ये तिने लेखक केवळ समाजाचा आरसा असतो, असा बचाव केला. १८४२ मध्ये विवाहातील स्त्रीविषयक कायदे अन्यायाचे असल्याचे उघडपणे लिहिले. लुई नेपोलियनच्या सत्तांतरानंतर, १८५२ मध्ये, विवाहाविरुद्ध काही सिद्ध करण्याचा आपला हेतू नव्हता, असे म्हटले. पुस्तक तेच राहिले. काय बोलणे शक्य आहे, हे प्रत्येक वेळी बदलले.

राजकारणात तिची भूमिका वादग्रस्त ठरली. १८४८ मध्ये काही स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी राष्ट्रीय सभेसाठी तिचे नाव सुचवले, तेव्हा तिने ते नाकारले. विवाहात पतीच्या ताब्यात असलेली स्त्री मतदानात स्वतंत्र कशी असेल, हा तिचा प्रश्न होता. आधी नागरी समानता, मग राजकीय हक्क, असा क्रम तिने मांडला. त्या कार्यकर्त्यांना ही माघार वाटली.

सँडच्या मृत्यूनंतर ग्रामीण कथा शाळांत आणि मुलांच्या वाचनात टिकल्या, पण बाकीच्या कादंबऱ्या मागे पडल्या. एके काळी दोस्तोयेव्हस्कीने जिला आदराने स्मरले, ती लेखिका सौम्य गोष्टी लिहिणारी म्हणून उरली. जॉर्ज ल्युबँ याने १९६४ पासून तिचा पत्रव्यवहार संपादित केला आणि स्त्रीवादी समीक्षकांनी ‘इंदियाना’, ‘लेलिया’, ‘कॉन्सुएलो’ या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या, तेव्हा तिच्या विचाराची सलगता ध्यानात आली. माणसे असावीत तशी रंगवण्याची तिची पद्धत वास्तववादाच्या कसोटीवर उणी ठरवली गेली होती. नेओमी शोर या समीक्षिकेने १९९३ मध्ये हा आदर्शवाद जाणीवपूर्वक निवडलेला असल्याचे दाखवले.

फ्रान्समध्ये घटस्फोटाचा हक्क १८८४ मध्ये परत आला आणि आज्ञापालनाचे कलम १९३८ मध्ये रद्द झाले. स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ मध्ये मिळाला, पण पतीच्या संमतीवाचून नोकरी करण्याची मुभा विवाहित स्त्रीला १९६५ च्या कायद्याने दिली. सँडने सांगितलेला क्रम इतिहासाने पाळला नाही. मात्र मतपेटीपेक्षा घरातील समानतेला अधिक काळ लागेल, हे तिच्या कादंबऱ्यांनी अचूक ओळखले होते.