मोळी आणि आंघोळ

कोकणातल्या पालगड गावच्या वाटेवर एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडली. म्हातारी तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतली. मोळी उचलून द्यायला कोण हात लावणार? आईने श्यामला पाठवले. जा, तिला मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर, असे बजावून.

साने गुरुजींनी आपल्या आईवर लिहिलेली ‘श्यामची आई’ वाचताना डोळे पाणावतात ते मोळीपाशी. आंघोळीवरून मात्र आपण घाईने पुढे सरकतो.

आईच्या मायेतून करुणा उगवते, असे आपल्या संतपरंपरेनेही मानले. विठ्ठलाला ‘माउली’ म्हटले ते उगीच नव्हे. पण माया मुळात आपल्या माणसांवर असते. ती परक्यापर्यंत पोचते कशी?

उत्तराचा एक धागा बालमानसशास्त्रात मिळतो. १९५१ साली मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल लिहिला. नुसते अन्न आणि छप्पर पुरत नाहीत, आईशी किंवा तिच्या जागी असलेल्या माणसाशी अखंड, उबदार नाते हवे, हे त्यांनी ठामपणे मांडले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांना पुढे दिसले, की आईचा भरवसा असलेले मूल तिच्या पदराला चिकटून बसत नाही. ते खोलीभर हिंडते, भ्याले की परत येते. परतायला हक्काची जागा असली, की दूर जाण्याची भीती उरत नाही.

श्यामला ती जागा होती. पोहायला जायचे टाळून लपलेल्या श्यामला आईने झोडपले, पण त्या मारानंतरही माया आटली नाही. १९१७ साली आई गेली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात या श्यामने, म्हणजेच साने गुरुजींनी, तिच्या आठवणी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढल्या.

आईने मुलाला म्हातारीपर्यंत नेले, पण विटाळाची रेघ पुसणे तिला जमले नाही. तिच्या काळात आणि तिच्या घरात तेवढे पाऊलही मोठेच होते. पुढचे पाऊल मुलाने टाकले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी साने गुरुजी उपोषणाला बसले. उपोषण करू नका, असे खुद्द गांधीजींचे मत होते. तरीही ते मागे हटले नाहीत. मंदिर खुले करण्याचे ठरले, तेव्हा दहाव्या दिवशी त्यांनी उपोषण सोडले.