व्हिसा आणि रेफर चिठ्ठी

उपचारासाठी देशाबाहेर जाण्याची वाट पूर्वी गरीब देशांतल्या श्रीमंतांची होती आणि ती लंडन-न्यूयॉर्ककडे जाई. गेल्या तीन दशकांत तिची दिशा बरीच पालटली. 1997 च्या चलनसंकटात थायलंडमधल्या खासगी रुग्णालयांचे देशी गिऱ्हाईक आटले, तेव्हा बँकॉकच्या बुमरुनग्राडने परदेशी रुग्णांकडे मोर्चा वळवला. भारतात पुढाकार सरकारनेही घेतला. 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांकडून मिळणाऱ्या चलनाला निर्यातीच्या सवलती देऊ केल्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने फिक्की या उद्योजकांच्या संघटनेसोबत वैद्यकीय पर्यटन परिषद काढली. मग वैद्यकीय व्हिसा, ‘हील इन इंडिया’, 2023 चा आयुष व्हिसा असे एकेक होत गेले. 2019 मध्ये सुमारे 7 लाख परदेशी उपचारासाठी भारतात आले. त्यांत सर्वाधिक बांगलादेशी. जाहिरातीतला गोरा पाहुणा प्रत्यक्षात फारसा दिसत नाही. येतो तो बहुधा शेजारचा, घरच्या रुग्णालयावर भरवसा न उरलेला माणूस.

असा माणूस वाशिम जिल्ह्यातही आहे. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. हृदय, मेंदू किंवा कर्करोगाचे दुखणे निघाले की रिसोड-मानोऱ्याच्या रुग्णाच्या हाती रेफर चिठ्ठी पडते: अकोला, नाहीतर नागपूर, नाहीतर थेट परळचे टाटा. हाही वैद्यकीय प्रवासीच. फक्त पर्यटन खात्याच्या आकड्यांत तो नसतो.

वैद्यकीय व्हिसाच्या नियमांत एक शहाणपणाची तरतूद आहे: रुग्णासोबत दोन नातलगांनाही व्हिसा मिळतो. आजारी माणूस एकटा प्रवास करत नाही, हे सरकारला ठाऊक आहे. रेफर चिठ्ठीवर मात्र सोबतच्या माणसासाठी रकाना नसतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. ऐन सोयाबीन सोंगणीत बुडालेली मजुरी आणि सोबत्याचा मुंबईतला मुक्काम तिच्या हिशेबात नाही. तो भार दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था जमेल तितका उचलतात.

परदेशी रुग्णांमुळे दर्जा सुधारतो, हा समर्थकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचच्या मानांकनासाठी शिस्त लागली की तिचा लाभ देशी रुग्णालाही होतो. पण तो त्या दारापर्यंत पोहोचला तर! महानगरात साठलेला पैसा आपोआप जिल्ह्यांकडे झिरपत नाही, उलट विशेषज्ञांनाच तिकडे ओढतो. म्हणून परदेशी रुग्णांच्या पैशाचा लाभ जिल्ह्यांतल्या रुग्णांपर्यंत मुद्दाम पोहोचवावा लागेल. त्यासाठी नवा कायदाही नको. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 41 कक आणि त्याखालची उच्च न्यायालयाची योजना धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवायला लावते. प्रोत्साहनाच्या सवलती या खाटा खरोखर भरल्याच्या हिशेबाशी जोडता येतील, आणि त्या हिशेबात जिल्ह्यांतून आलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजता येतील.

वाशिमला 2024 मध्ये 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून बाहेर पडायला 2030 उजाडेल आणि विशेषज्ञ घडायला त्यापुढे आणखी काही वर्षे जातील. अकोल्यात सुपर स्पेशालिटीची इमारत उभी राहूनही मनुष्यबळावाचून काम रखडले होते. वाशिममध्ये तसे होऊ नये म्हणून इमारतीच्या निधीबरोबरच पदांनाही मंजुरी लागेल.